‘शाळे’ला ‘शाया’ म्हणणाऱ्या लेकरांच्या वतीनं : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जिल्हा परिषद शाळांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याआधी गावाचं म्हणणं ऐकून घेण्याबाबत.

मंत्रीसाहेब, सादर नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून हे पत्र लिहिते आहे. साडेतीन एकर शेती, त्यात कपाशी आणि तूर. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, दोघंही गावच्याच जिल्हा परिषद शाळेत जातात. त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र मी लिहिते, पण विचारणा झाली तर ती आमच्या सरांना होईल. त्यांना नोकरीच्या नियमांमुळे असं उघड लिहिता येत नाही. मला येतं, म्हणून मी लिहिते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मी २०११ मध्ये डी.एड. झाले. पुढच्याच वर्षी शिक्षकभरतीवर बंदी आली. २०१७ च्या डिसेंबरात शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली, तोवर माझा मुलगा अंगणवाडीत जायला लागला होता आणि माझ्या हातातला खडू सुटून विळा आला होता. आमच्या एवढ्याशा गावात डी.एड. झालेली तीन माणसं आहेत. तिघंही आज शेतात आहेत आणि शाळेतली शिक्षकाची तिसरी जागा दोन वर्षांपासून रिकामी आहे. सात वर्ग, ६१ लेकरं आणि शिकवायला दोघं, एक सर आणि एक मॅडम. हे डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचावं, ही विनंती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं की २०२६-२७ च्या सत्रापासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० पासूनच या विषयाचा उल्लेख आहे. सीबीएसईच्या शाळांत तर तो २०१९ पासून नववीला घेता येतो. आमची शाळा राज्य मंडळाची. पण राज्यानंही २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम सीबीएसईच्या धर्तीवर न्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळे जे तिकडे आज येतं ते आमच्याकडे उद्या येणार. माझी मुलगी तिसरीत आहे, म्हणजे हे उद्याचं तिच्याच बाकावर येऊन बसणार आहे.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. का नाही, तेही पुढे सांगते. पण ते ज्या पद्धतीनं आमच्या शाळेत शिरतं आहे ती पद्धत मला मान्य नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मुलांचं वाचन तपासायचं एक ॲप आलं. मुलानं मोबाइलसमोर उतारा मोठ्यानं वाचायचा, मशीन ऐकतं आणि कोणता शब्द बरोबर, कोणता चूक, मूल कोणत्या स्तरावर, ते स्वतः ठरवतं. मी त्या दिवशी पोषण आहाराचा तांदूळ मोजायला शाळेत गेले होते, म्हणून समोरच होते. सरांनी माझ्या मुलीसमोर मोबाइल धरला. पडद्यावर दोन वाक्यं होती : ‘काळी गाय तळ्याकाठी उभी होती. बाळू शाळेतून पळत आला.’

ती न अडखळता वाचत गेली. ‘कायी गाय तयाकाठी उभी होती. बायू शायेतून पयत आला.’

साहेब, आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. माझी सासू शाळेला शाया म्हणते, डोळ्याला डोया म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या असंच बोललं जातं. तिकडे भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत त्याच ‘ळ’चा ‘र’ होतो. पडद्यावर नऊ शब्दांपैकी पाच लाल झाले. काळी, तळ्याकाठी, बाळू, शाळेतून, पळत. खाली तिचा स्तर आला, आणि तो तिच्या खऱ्या वाचनाच्या दोन पायऱ्या खाली होता.

सरांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, “गाय कुठं उभी होती गं?” ती म्हणाली, “तयाकाठी.” “कोण आलं?” “बायू.” “कसा आला?” “पयतच आला ना सर.” तिला सगळं समजलं होतं. सर मला म्हणाले, “ताई, हिला वाचता येते हे मला माहीत आहे, पण इथं ते बदलायची सोय नाही.” चार मुलांचं झाल्यावर ती नोंद वर निघून गेली.

त्या दिवसापासून माझी मुलगी घरी मोठ्यानं वाचत नाही. ओठातल्या ओठात वाचते. एका संध्याकाळी आजी तिला म्हणाली, “शायेतून कवा आली वं?” तर ही म्हणते, “आजी, तू शाया म्हणू नको. लाल येते.”

प्रमाण मराठीत ‘शाळा’ म्हणतात हे तिला शिकवायलाच हवं, आणि आमच्या मॅडम ते शिकवतातही. जीभ कुठं टेकवायची ते दाखवतात, दहा वेळा म्हणून घेतात, हसतात, हसवतात. पण उच्चार वेगळा असणं आणि वाचता न येणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे ज्याला कळतं त्यानंच लेकराचा स्तर ठरवावा. मशीनला जे आवाज ऐकवून शिकवलेलं असतं, त्या आवाजांसारखं बोलणारं मूल त्याला हुशार वाटतं. ते शिकवताना वऱ्हाडातल्या, झाडीपट्टीतल्या किती लेकरांचे आवाज त्यात घातले होते, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

आणि ही तर मराठी बोलणाऱ्या घरातली मुलगी. आमच्या ६१ मध्ये १४ लेकरं कोलाम पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून येतात. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. त्यांची कोलामी ही मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे, ती द्राविडी भाषा आहे. पहिलीत येणारं पोडावरचं मूल पहिले तीन-चार महिने वर्गात मुकाट बसतं. आमच्या मॅडमनी एका शंभरपानी वहीत पोडावरच्या बायांना विचारून विचारून कोलामी शब्द लिहून काढले आहेत. भाकर, पाणी, दुखणं, भीती, घरी जायचं. त्या वहीवर त्यांची पहिली चालते. त्याच मुलांसमोर तो मोबाइल धरला, तेव्हा तिघं जणं काहीच बोलली नाहीत. मशीननं त्यांची पाटी कोरी दाखवली.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात, कलम २९ मध्ये, शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे. संविधानाचा ३५०-क हा अनुच्छेदही प्राथमिक स्तरावर मातृभाषेच्या सोयीबद्दल बोलतो. तंत्रज्ञानाला हे जमत नाही असंही नाही. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं, त्यात सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी घेतल्या. गडचिरोलीतल्या गोंडी लेकरांसाठी हे चांगलं पाऊल आहे आणि त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण आमची कोलामी आणि मेळघाटातली कोरकू त्या पहिल्या यादीत नव्हत्या. म्हणजे भाषा समजून घेण्याचं काम अजून अर्ध्या वाटेवर आहे आणि लेकरांना मोजायचं काम मात्र सुरू झालं.

आता पॅनलबद्दल. दीड वर्षापूर्वी शाळेला भिंतीवर लावायचा मोठा टच पॅनल मिळाला. लाखाच्या घरातली वस्तू. हार घातला, नारळ फोडला, मुलांनी लेझीम केलं. तो ज्या खोलीत आहे तिच्यावर टिनं आहेत. विदर्भात ऊन किती असतं ते शासनाला माहीत आहे, म्हणूनच २०२५ मध्ये बाकी महाराष्ट्रात शाळा १६ जूनला उघडल्या तरी आमच्या २३ जूनला उघडल्या. एप्रिलमध्ये त्या खोलीत हात लावला तर पॅनलची कड चटका देते. मॅडमनी त्याच्यावर स्वतःची जुनी साडी दुपदरी करून घातली आहे. पहिल्या चार महिन्यांत तो रोज चालला. मग विजेचं बिल थकलं आणि शाळेची लाइन बंद झाली. ३१ ते १०० पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजार. त्यात खडू, झाडू, रंगरंगोटी, नळ, दुरुस्ती आणि वीज, सगळं. शेवटी आमच्या बचत गटानं पैसे भरले तेव्हा दिवे लागले. कापूस वेचून आणलेल्या पैशातून बायांनी ते दिले.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्कृष्टता केंद्राला ५०० कोटी ठेवले गेले. संशोधनाला पैसा लागतो, मान्य. पण त्या संशोधनातून निघालेली वस्तू जिथं चालवायची त्या खोलीच्या विजेला स्वतंत्र पैसा नाही. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या २०२४-२५ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या साधारण ६४ टक्के शाळांतच इंटरनेट आहे. आमच्या शाळेची गणना त्यात होते की नाही मला ठाऊक नाही, कारण आमचं इंटरनेट म्हणजे सरांच्या स्वतःच्या मोबाइलचा डेटा. तो पकडायला ते हातपंपाजवळच्या कडुनिंबाखाली जातात.

नागपूरजवळ वडधामन्याला जुलै २०२५ मध्ये देशातली पहिली एआय अंगणवाडी म्हणून उद्घाटन झालं. ऑगस्टमध्ये सातनवरी स्मार्ट गाव झालं. दोन्ही गावं विदर्भातली आहेत, तिथल्या लेकरांचं भलं व्हावं असंच मला वाटतं. पण ती दोन्ही नागपूर-अमरावतीच्या हमरस्त्यावर आहेत. त्यांच्यावरून घाटंजी, झरी जामणी, धारणी, भामरागड या आडबाजूच्या तालुक्यांचं धोरण ठरवू नका.

आता सातवीच्या वर्गाकडे येते.

पोळ्यानंतर सरांनी निबंध दिला होता, ‘आमच्या गावचा पोळा’. माझ्या मुलानं तो त्याच्या काकाच्या मोबाइलवर चॅटबॉटला विचारून लिहिला. छान लिहिलेला होता. शुद्धलेखनाची एक चूक नाही. ‘पोळा हा कृतज्ञतेचा सण आहे’ असं पहिलं वाक्य. सरांनी वह्या तपासल्या तर ११ पैकी सहा वह्यांत तेच पहिलं वाक्य. पुरणपोळी होती, झूल होती, वाजंत्री होती. पण आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात ती खांदशेकणी नव्हती, बैलांना ‘आवतन घ्या, जेवायला या’ म्हणतात ते नव्हतं. तोरणाखाली म्हणतात त्या झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली गाणी, नव्हत्या. दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळाही नव्हता. माझ्या मुलाकडे वाढईनं बाभळीच्या लाकडाचा करून दिलेला नंदी आहे. तो घेऊन तो दहा वर्षं घरोघर फिरला, घराघरातून मिळणारा बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा केला. आणि निबंधात त्याला तो नंदी आठवला नाही.

सर रागावले नाहीत. त्यांनी वह्या मिटायला सांगितल्या आणि म्हणाले, प्रत्येकानं या वर्षी ऐकलेली एक झडती म्हणायची. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या, एरवी वाचनात मागे असलेल्या एका पोरानं उभं राहून कापसाच्या भावावरची झडती म्हटली, सगळ्या वर्गानं ‘हर हर महादेव’ केलं, आणि मग तासभर एकानं सोडली की दुसऱ्यानं धरली. त्या झडत्यांवरून त्यांनी निबंध पुन्हा लिहून घेतला. माझ्या मुलाचा दुसरा निबंध दीड पानाचा होता, चुका भरपूर होत्या, आणि त्यात तो नंदी होता. त्याचा एक पाय मोडला तेव्हा त्यानं तो डिंकानं चिकटवला होता, हे मला त्या निबंधातून कळलं.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. त्याच अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के आहेत. म्हणजे मशीनकडून लिहून घेणं मुलं शाळेबाहेर शिकलीच आहेत. ते ओळखून त्यांना परत स्वतःच्या शब्दांवर आणणारं माणूस शाळेत लागतं. आमच्याकडे ते होतं म्हणून सहा वह्या सापडल्या. पण त्या दिवशी सर तालुक्याला ऑनलाइन माहिती भरायला गेले असते, तर?

आणि ते जातात. पोषण आहाराचा फोटो, हजेरीचं ॲप, झाडाचा फोटो, आधार जुळवणी, यूडायस, मतदार याद्या. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं आहे. ॲपमध्ये माहिती भरणं हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, यावर कागदावर वाद घालता येईल. वर्गात बसलेल्या लेकराला एवढंच दिसतं की सर मोबाइलमध्ये बघताहेत. आता त्यात बुद्धिमान ॲप आणखी एक.

मी विरोधात का नाही, तेही सांगायचं म्हटलं होतं. आमच्या मॅडमकडे पहिली ते चौथी एका खोलीत असते. भागाकाराची उदाहरणं त्यांना चार पातळ्यांवर काढावी लागतात. हल्ली त्या रात्री घरी चॅटबॉटला सांगून कापसाच्या गाठोड्याची, एसटीच्या तिकिटाची, आठवडी बाजाराची उदाहरणं काढून घेतात, चुकलेली दुरुस्त करतात आणि सकाळी फळ्यावर लिहितात. तासाचं काम पंधरा मिनिटांत होतं. आमच्या पाचवीत एक मुलगी आहे, तिला फार कमी दिसतं. मोबाइल तिला धडा वाचून दाखवतो आणि ती तो तोंडपाठ सांगते. तिच्या आईनं मला सांगितलं, “पह्यल्यांदा हे म्हन्ते का मले अभ्यास करू द्या.” हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दोन्ही ठिकाणी मशीन काय करतं, कुठं थांबतं, हे बाईंच्या हातात आहे. एवढंच आम्हाला हवं आहे.

मला खरी भीती पुढची आहे. २०२४-२५ च्या यूडायसनुसार देशात एक लाखाहून जास्त शाळा एका शिक्षकावर चालतात, महाराष्ट्रातच त्या ८ हजारांवर आहेत. कमी पटाच्या शाळा गोळा करून समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा आमच्या तालुक्यातल्या आयांची झोप उडाली होती. अशा वेळी ‘पॅनल आहे, ॲप आहे, शिकवणारं मशीन आहे’ हे कारण कुणाच्या तरी हातात पडेल, आणि आमची ती तिसरी जागा कायमची पुसली जाईल, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे. ते खोटं ठरवणं आपल्या हातात आहे, एका ओळीच्या शासन निर्णयानं.

अजून एक. त्या वाचन तपासणीत लेकरांचे आवाज मोबाइलवर नोंदले गेले. हजेरीसाठी फोटो जातात. पालक म्हणून आम्हाला कुणी विचारलं नाही. ‘अपार’ या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाच्या वेळी संमतीपत्रं आली, पण ‘सोमवारपर्यंत द्या’ एवढंच सांगितलं. पोडावरच्या आईबापांनी काय लिहिलंय हे न कळता अंगठे दिले. त्या अंगठ्यांची शाई मी माझ्या पदरानं पुसली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात शैक्षणिक संस्थांना काही बाबतीत सवलत दिली आहे. ती सवलत कुठवर, माझ्या मुलीचा आवाज कुठल्या कंपनीच्या संगणकात किती वर्षं राहणार, तो वापरून कुणी आपलं मशीन सुधारून विकणार का, हे मराठीत सांगणारं आमच्या पंचक्रोशीत कुणी नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही यावर दोन तास बोललो आणि ठराव घेतला. त्यातल्या मागण्या अशा :

१. आधी शिक्षक. रिकाम्या जागा भरा. कृत्रिम बुद्धिमत्तेचं कोणतंही साधन आहे म्हणून शिक्षकाचं पद कमी करणार नाही, शाळा बंद किंवा एकत्र करणार नाही, असं लेखी द्या.

२. मशीननं दिलेला स्तर अंतिम धरू नका. शिक्षकाला तो बदलता आला पाहिजे, आणि का बदलला हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू, गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांवर तपासून, त्याचा निकाल जाहीर केल्याशिवाय वाचनाची अशी कोणतीही तपासणी आमच्या मुलांवर करू नका. डिसेंबरात झालेल्या नोंदी शिक्षकांना पुन्हा तपासू द्या. माझ्या मुलीच्या नोंदीपासून सुरुवात केली तरी चालेल.

३. आवाज, फोटो, माहिती घेण्याआधी एका पानावर, सोप्या मराठीत आणि आदिवासी वस्त्यांत त्यांच्या भाषेत तोंडी, काय घेणार आणि कुठं ठेवणार ते सांगा. नाही म्हणण्याचा हक्क द्या. नाही म्हटलं म्हणून मुलाचा गणवेश, आहार, शिष्यवृत्ती अडता कामा नये.

४. पाचवीपर्यंतच्या मुलाला एकट्यानं चॅटबॉटसमोर बसवू नका. युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गातल्या अशा वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलं आहे. तिसरीत हा विषय शिकवायचाच असेल तर तो धान्याचे दाणे निवडून, चिठ्ठ्या लावून, खेळातून शिकवा. मशीन चुकतं कसं हेही त्यात शिकवा.

५. विजेचं बिल आणि इंटरनेट यांच्यासाठी संयुक्त अनुदानाबाहेर वेगळा पैसा द्या. छतावर सौर पॅनल बसवा. ऊन आमच्याकडे भरपूर आहे.

६. नवं ॲप देण्याआधी जुनी दोन काढा.

७. शिक्षकांचं प्रशिक्षण सुट्टीतल्या यूट्यूब लिंकवर उरकू नका. केंद्रशाळेत, समोरासमोर, सरावासकट घ्या. आमच्या मॅडमसारख्यांना तिथं शिकवायला बोलवा, त्यांची ती वही छापा.

८. राज्याचं जे काही धोरण ठरायचं आहे त्याचा मसुदा मराठीत काढा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि अमरावती व नागपूर या दोन्ही विभागांत खेड्यात येऊन सुनावणी घ्या. शाळा व्यवस्थापन समित्या कायद्यानं झालेल्या आहेत. पालकांचं मत घ्यायला आणखी कुठली व्यवस्था शोधायची गरज नाही.

आठवी मागणी लिहिताना ग्रामसभेत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. त्यांनी विचारलं, “हे सगळं लिवलं, पन त्या मशीनले आपली भाषा शिकवाची असंन त आपुन शिकवू ना. बोलवा म्हना आमाले.” मला वाटतं, साहेब, हे आपण मनावर घ्यावं. लेकरांचे आवाज गुपचूप नेण्यापेक्षा गावच्या बायामाणसांना बोलावून, मोबदला देऊन, त्यांचं बोलणं नोंदवून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी डी.एड., बी.एड. झालेली शेकडो मुलंमुली बसून आहेत, हे काम ती उत्तम करतील. मीसुद्धा करीन.

आमच्या समितीची सभा दर महिन्याला होते, शाळेच्या वऱ्हांड्यात, दुपारी चारला, शेतातून परत आल्यावर. आपलं उत्तर आलं की ते तिथं मोठ्यानं वाचून दाखवू. पोडावरच्या पालकांना ते अंगणवाडीची मदतनीस कोलामीत सांगेल. उत्तर कृपया मराठीत पाठवावं, आणि नव्या सत्राच्या आधी, म्हणजे जून उजाडण्याआधी पाठवावं.

आपली नम्र,
तिसरीतल्या मुलीची आणि सातवीतल्या मुलाची आई,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा यवतमाळ